गर्दुल्ल्याला पेशंट म्हणायला शिकवणाऱ्या डॉ. अनिता अवचट

जालन्यात २०२४ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. एमबीबीएसच्या १०० जागा. यातलाच कुणीतरी पुढे अंबडला नाहीतर भोकरदनला सरकारी दवाखान्यात बसेल. एखाद्या दिवशी समोर एक पोरगं येईल. नाक गळतंय, पोटात पिळे पडतायत, तीन रात्री डोळा लागलेला नाही. सोबत आलेली आई खालच्या आवाजात सांगेल, की पोरगं पुडी घेतं.

आता या डॉक्टरनं काय करायचं? रागवायचं, पोलिसांचा धाक दाखवायचा की पुण्याला जा म्हणून चिठ्ठी लिहून द्यायची?

याचं उत्तर महाराष्ट्रात ४० वर्षांपूर्वी एका डॉक्टरबाईंनी स्वतः काम करून शोधलं होतं. त्यांचं नाव डॉ. अनिता अवचट. मुक्तांगण म्हटलं की बहुतेकांना अनिल अवचट आठवतात. पण तिथं पेशंटला कसं वागवायचं, हे ठरवलं ते अनिताताईंनी.

सरकारी नोकरी आणि येरवडा

त्यांचं मूळ नाव सुनंदा, पण सगळे ओळखायचे अनिता म्हणूनच. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये त्या डॉक्टर झाल्या. ओतूरहून आलेले अनिल अवचटही त्याच कॉलेजचे. दोघांनी लग्न केलं. अनिलरावांनी डॉक्टरकी सोडून पत्रकारिता आणि लेखनाची वाट धरली, तेव्हा घराला आधार होता तो अनिताताईंच्या पगाराचा.

त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात सरकारी नोकरीत होत्या. हे राज्यातलं सगळ्यात मोठं मनोरुग्णालय, मंजूर खाटा अडीच हजारांच्या वर. ज्याला घरचेही विसरले अशा पेशंटशी रोज बोलणं, हाच त्यांचा कामाचा भाग होता. पुढे जे झालं, त्याची तयारी इथंच झाली.

गर्द आली आणि सगळेच गोंधळले

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली. बोलीभाषेत गर्द. अफूपासून मॉर्फिन, मॉर्फिनपासून हेरॉइन, आणि त्याचीच ही भेसळीची तपकिरी पूड. पन्नीवर टाकायची, खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. घेणाऱ्याला नाव पडलं गर्दुल्ला. हा शब्द शिवीसारखाच वापरला जायचा.

अफूच्या जातीचे पदार्थ मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसतात आणि वेदना दाबतात. शरीराला त्यांची सवय झाली की तेवढ्याच डोसानं भागत नाही. पुडी मिळाली नाही की डोळ्या-नाकातून पाणी, हाडं दुखणं, उलट्या, जुलाब सुरू होतात. पोरं याला टर्की म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो आणि साधारण आठवड्याभरात तो ओसरतो.

म्हणजे टर्की उतरवणं हा उपचाराचा लहान भाग. खरा प्रश्न त्यानंतर येतो. पोरगं त्याच गल्लीत, त्याच दोस्तांत परत जातं, तेव्हा काय?

त्याच सुमारास, १९८५ मध्ये, एनडीपीएस कायदा आला. अमली पदार्थ जवळ बाळगणंच नव्हे, तर त्यांचं सेवन करणंही गुन्हा ठरलं. कायद्याच्या लेखी हा आरोपी, घरच्यांच्या लेखी वाया गेलेला मुलगा. दवाखान्यात तो शिरलाच तर खोटारडा आणि चोर. त्याला पेशंट म्हणणारं कुणी नव्हतं.

एक लाख रुपये आणि एक इमारत

उपचाराला येणाऱ्या या पोरांशी अनिल अवचट तासन् तास बोलले. त्यातून त्यांनी गर्दवर लेख लिहिले, पुढे ‘गर्द’ हे पुस्तकही झालं. हे लिखाण पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या वाचनात आलं. दोघं अस्वस्थ झाले आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानतर्फे त्यांनी १ लाख रुपये देऊ केले.

पण केंद्र चालवणार कोण? ती जबाबदारी अनिताताईंनी घेतली. येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुलंच्या उपस्थितीत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

त्यांनी वेगळं काय केलं?

पहिली गोष्ट, मारहाण नाही, साखळ्या नाहीत, शिक्षा नाही. आजही व्यसनमुक्तीच्या नावाखाली पोरांना डांबून मारल्याच्या बातम्या येतात. मग त्या काळात हा नियम केवढा धाडसी होता, याचा अंदाज येईल. पेशंटवर विश्वास टाकायचा आणि तो त्यानं मोडला तरी पुन्हा टाकायचा, असा हा हिशोब होता.

दुसरी गोष्ट, वेळ. टर्की उतरली की घरी पाठवायचं, असं इथं नव्हतं. मुक्तांगणचा कार्यक्रम ३५ दिवसांचा झाला. त्यात औषधं होतीच. शिवाय समुपदेशन, गटात बसून बोलणं, योगासनं, श्रमदान आणि गाणीसुद्धा.

तिसरी गोष्ट, कर्मचारी. व्यसनातून बाहेर पडलेल्या पेशंटनाच त्यांनी कामाला घेतलं. काल पन्नी ओढणारा आज नव्या पेशंटच्या उशाशी बसू लागला. टर्कीत माणसाला काय वाटतं, हे पुस्तकातून शिकलेल्या डॉक्टरपेक्षा त्याला जास्त कळायचं. नव्या पेशंटलाही समोर पुरावा दिसायचा, की यातून माणूस सुटतो.

चौथी गोष्ट, घर. व्यसन एक जण करतो आणि भोगतं अख्खं कुटुंब. म्हणून पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. आपल्यासारख्या इतर बायकांसमोर तिथं मनातलं बोलता यायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घसरलेला पेशंट. महिनाभर चांगला राहून परत प्यायला लागला की सगळे म्हणतात, याच्यावर केलेलं सगळं पाण्यात गेलं. पण मधुमेहाच्या पेशंटची साखर पुन्हा वाढली तर डॉक्टर त्याला हाकलून देत नाही. इथंही तेच. घसरणं हा या आजाराचा भाग, म्हणून मुक्तांगणचं दार पुन्हा उघडं. यात जिवाचा प्रश्न आहे. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहन करण्याची ताकद कमी होते. तेव्हा जुनाच डोस घेतला तर श्वास थांबून माणूस मरू शकतो. अशा वेळी लाजेपोटी दवाखाना टाळणं सगळ्यात महागात पडतं.

आजारपण आणि नंतर

अनिताताईंना कॅन्सर झाला. आजारपणातही त्यांचं मन मुक्तांगणातच होतं. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्या गेल्या. अनेक संस्था संस्थापकाबरोबर संपतात, ही संपली नाही. अनिल अवचट २०२२ मध्ये जाईपर्यंत तिच्याशी जोडलेले राहिले आणि मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी कामाची धुरा सांभाळली. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानं मुक्तांगणला प्रादेशिक प्रशिक्षण केंद्राचा दर्जा दिला. म्हणजे इतर केंद्रांचे कार्यकर्ते हे काम शिकायला इथं येऊ लागले. अनिताताईंच्या नावानं ‘संघर्ष सन्मान’ हा पुरस्कारही दिला जातो.

मग आता डॉक्टरांना काय शिकवायचं?

२०१९ साली केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूच्या जातीचे पदार्थ घेतात. त्यातल्या सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज आहे. एवढ्या लोकांना मानसोपचारतज्ज्ञ पुरणार नाहीत. साध्या एमबीबीएस डॉक्टरला हे यायलाच हवं.

औषधशास्त्रही पुढे गेलंय. अनिताताईंच्या काळात भर होता तो पूर्ण बंद करण्यावर. आज ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधं डॉक्टरच्या देखरेखीखाली दीर्घकाळ देतात. त्यानं तलफ आटोक्यात राहते आणि मृत्यूचं प्रमाण घटतं. २००५ पासून ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. जास्त डोसानं श्वास मंदावला तर नॅलोक्सोनचं इंजेक्शन जीव वाचवू शकतं. हे पुस्तकातून शिकवता येतं.

पण समोरच्या पोराला खोटारडा न समजता त्याचं ऐकून घेणं, घसरून परत आल्यावर कपाळाला आठ्या न घालणं, त्याच्या आईला खुर्ची देणं, हे पुस्तकातून येत नाही. ते कुणीतरी करताना बघावं लागतं.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत, मराठवाड्याच्या वाट्याला एकही आलं नव्हतं. २०२२ मध्ये जालन्यासाठी ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयाला मंजुरी मिळाली. शेजारी मेडिकल कॉलेज आहेच. येरवड्यातही आधी असंच एक सरकारी मनोरुग्णालय होतं आणि तिथं नोकरी करणाऱ्या एका डॉक्टरनं गर्दुल्ल्याला पेशंट मानायचं ठरवलं होतं.