नीलकंठशास्त्री गोरे : एका धर्मोपदेशकाची घडण

पहिले बाजीराव १७२९ मध्ये छत्रसालाच्या साहाय्यास धावून गेले आणि त्या उपकाराच्या फेडीदाखल बुंदेलखंडाचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. तेव्हापासून झाशी, सागर, काळपी, बांदा या ठिकाणी मराठी घराण्यांची वस्ती झाली. कोणी सुभेदारीच्या निमित्ताने गेले, कोणी दफ्तराच्या, कोणी पौरोहित्याच्या. झाशी जिल्ह्यातील टहरौलीसारख्या ठिकाणी बुंदेल्यांच्या अष्टभय्या ठाकुरांची गढी उभी होती, तर तिथून फार दूर नसलेल्या गुरसराय येथे खेरांची मराठी जहागीर नांदत होती. बाहेर बुंदेली बोलायची, घरात कोकणातली मराठी, आणि देवघरात संस्कृत, असा या मंडळींचा भाषाव्यवहार असे. याच परिसरात, झाशीजवळच्या काशीपुरा या खेड्यात, ८ फेब्रुवारी १८२५ रोजी नीलकंठ शिवराम गोरे यांचा जन्म झाला.

गोरे घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे. बाजीराव-मस्तानीच्या वंशातील बांद्याच्या नबाबांच्या पदरी या घराण्याने कारभार पाहिला होता. पुढे वडील शिवरामपंत काशीस येऊन राहिले आणि नीलकंठाचे बालपण तेथेच गेले. काशीत जन्मलेली तांब्यांची मनकर्णिका १८४२ मध्ये गंगाधररावांशी विवाह होऊन झाशीस आली, तर झाशीच्या परिसरात जन्मलेला हा मुलगा काशीत वाढला. एकाच वाटेवरून उलट दिशांनी निघालेल्या या दोन मराठी जीवांपैकी एकाचे चरित्र घरोघरी पोचले. दुसऱ्याचे चरित्र मात्र महाराष्ट्राच्या आठवणीत फारसे राहिले नाही, आणि ज्या ख्रिस्ती समाजाने ते जपले त्यालाही ते पूर्णपणे सोयीचे वाटले नाही.

काशीतील शास्त्र्यांपाशी नीलकंठाने व्याकरण आणि न्याय यांचे अध्ययन केले. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धान्ताला हात घालायचा नाही, ही न्यायशास्त्राची शिस्त त्याच्या अंगी लहान वयातच मुरली. कुळाची उपासना शिवाची होती, परंतु हा तरुण स्वतःच्या विचाराने विष्णुभक्तीकडे वळला. स्वतःच्या श्रद्धेची अशी फेरतपासणी करण्याची खोड त्याला पुढे जन्मभर सुटली नाही.

त्या काळी काशीच्या सिग्रा भागात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ राहत होते. बाजारात उभे राहून परधर्माची निंदा करणाऱ्या मिशनऱ्यांना एकदा शास्त्रार्थात निरुत्तर करावे, अशा ईर्ष्येने विशीच्या आतबाहेरचे नीलकंठशास्त्री त्यांच्याकडे गेले. स्मिथ यांनी त्यांच्या हाती जॉन म्यूर यांचा मतपरीक्षा हा संस्कृत ग्रंथ ठेवला. म्यूर हे कंपनी सरकारचे अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी होते. १८३९ मध्ये निघालेल्या त्यांच्या या ग्रंथाला सोमनाथ या टोपणनावाने सुबाजी बापू यांनी आणि बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांनी संस्कृतातूनच उत्तरे दिली होती. नीलकंठशास्त्र्यांचे उत्तर म्हणजे १८४४-४५ च्या सुमारास रचलेला शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ होय.

या ग्रंथातील आक्षेप वरवरचे नाहीत. पूर्वजन्म मानला नाही तर जन्मतःच दिसणाऱ्या सुखदुःखाच्या विषमतेचा दोष ईश्वरावर येतो. अल्पकाळाच्या पापाला अनंत काळची शिक्षा न्यायाशी जुळत नाही. शिवाय नुसता तर्क धर्माचा निर्णय करू शकत नाही, तर्काने शास्त्राचा हात धरूनच चालले पाहिजे. असे मुद्दे शास्त्रीबुवांनी कसून मांडले. हिंदू पक्षाच्या वतीने त्या शतकात लिहिल्या गेलेल्या प्रत्युत्तरांत या ग्रंथाचे स्थान वरचे आहे, असे आधुनिक अभ्यासकही मानतात.

प्रतिपक्षाचे खंडन करायचे तर त्याचे ग्रंथ वाचणे प्राप्तच होते. त्या वाचनात येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. जे खोडून काढायचे तेच मनात घर करू लागले. तीनचार वर्षांची ही घालमेल १४ मार्च १८४८ रोजी संपली. काशीतील गहजब टाळण्यासाठी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांनी नहेम्या हे नाव धारण केले. संपली असे म्हटले, तरी ते केवळ बाह्यार्थाने खरे आहे.

मुंबई इलाख्यातील समकालीनांशी तुलना केली म्हणजे या घटनेचे वेगळेपण ध्यानात येते. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे १८३९ मध्ये, तर नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले ते मिशनच्या इंग्रजी विद्यालयात शिकत असताना. शाळेने त्यांना प्रश्नही दिले आणि उत्तरेही दिली. तेथून उपदेशकाच्या कार्यापर्यंतचा रस्ता आखलेला होता, आणि जालन्याजवळ बेथेल वसवणाऱ्या नारायण शेषाद्रींनी तो समर्थपणे पार केला. नीलकंठशास्त्र्यांच्या वाट्याला असा रस्ता आला नाही. त्यांचे प्रश्न काशीच्या पाठशाळेत घडलेले होते. त्यांना मिशनच्या पाठ्यपुस्तकांत उत्तरे सापडणे कठीण होते.

या निर्णयाची किंमत घरच्यांनीही मोजली. वडिलांचा शोक आणि जातीतील बहिष्कार हे तर ओघानेच आले. पत्नी लक्ष्मीबाई काही काळाने पतीकडे आल्या, परंतु हा सहवास अल्पकाळच टिकला. ११ सप्टेंबर १८५३ रोजी मुलगी झाली आणि ती अवघ्या काही महिन्यांची असताना, बाप्तिस्मा घेऊन, लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. मुलीचे नाव एलेन लक्ष्मी. तान्हे मूल एकट्या पित्याला सांभाळता येईना. एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने तिला वाढवले आणि १८५७ च्या धामधुमीत त्या कुटुंबाचे सर्वस्व गेल्यावर स्टॉर्स नावाच्या मिशनरी कुटुंबाने तिला आपल्याकडे घेऊन पुढे इंग्लंडला नेले. कोकणस्थ घराण्यातील ही मुलगी इंग्रजी बोलत, इंग्रजी गीते गात मोठी झाली. ईश्वराच्या न्यायाविषयी एवढा खल करणाऱ्या पित्याला हा प्रश्न ग्रंथात मांडण्यासारखा नव्हता.

१८५४ मध्ये पदच्युत शीख महाराजा दुलीपसिंग इंग्लंडला निघाले. वर्षभरापूर्वीच ते ख्रिस्ती झाले होते. त्यांच्यासोबत पंडित म्हणून नहेम्या गोरे गेले. तेथे असताना लंडनजवळील इस्लिंग्टन येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या विद्यालयात त्यांनी काही काळ अध्ययन केले. हे विद्यालय १८२५ मध्ये, म्हणजे गोऱ्यांच्या जन्मवर्षीच, सुरू झालेले. परदेशी जाऊन धर्मोपदेश करणारे तरुण तयार करणे हे त्याचे एकमेव कार्य. शेतकरी, कारागीर, कारकून अशा घरांतून आलेल्या इंग्रज मुलांना तेथे ग्रीक-लॅटिन, बायबल, धर्मतत्त्वे आणि ख्रिस्ती मताच्या सत्यतेची प्रमाणे शिकवीत, आणि शिक्षण पुरे झाले की त्यांची आफ्रिकेत किंवा हिंदुस्थानात रवानगी होई.

त्या वर्गात बसलेल्या काशीच्या नैयायिकाची कल्पना करून पाहावी. भोवतालच्या विद्यार्थ्यांना आपला धर्म जन्मतः मिळालेला होता आणि त्याच्या समर्थनाची प्रमाणे ते घोकीत होते. गोऱ्यांनी तो धर्म प्रमाणांवाचून, अंतःकरणाच्या ओढीने स्वीकारला होता, आणि आता समोर आलेल्या प्रमाणांतील हेत्वाभास त्यांच्या शिक्षित बुद्धीला लपत नव्हते. ज्या अभ्यासाने इतरांची श्रद्धा भक्कम व्हायची त्यानेच यांची डळमळू लागली. ऑक्सफर्डच्या मॅक्स म्यूलर यांची या काळात त्यांच्याशी भेट झाली आणि उतारवयात लिहिलेल्या आठवणींत म्यूलर यांनी तिचे हृद्य वर्णन केले आहे. लंडनच्या रस्त्यांत दिसलेले जीवन हेच जर ख्रिस्ती जीवन असेल तर परत गेलेले बरे, अशा निराशेने गोरे ग्रासलेले होते. डोंगरावरील प्रवचन वाचून जे घर सोडले, त्या प्रवचनाप्रमाणे जगणारा देश त्यांना पाहायचा होता. दिसले ते साम्राज्याच्या राजधानीचे वैभव आणि तिच्या गल्ल्यांतील दैन्य.

तरीही ते स्वदेशी परतल्यावर ख्रिस्ती म्हणूनच राहिले, आणि १८६० मध्ये त्यांचा षड्दर्शनदर्पण हा प्रसिद्ध ग्रंथ हिंदीतून निघाला. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा आणि वेदान्त या सहा दर्शनांचे खंडन हा त्याचा विषय. फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये कलकत्त्यास छापले गेले आणि युरोपातील पंडितांतही ग्रंथाची वाहवा झाली. याच सुमारास, १८६१ मध्ये, कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातील अध्यापक कृष्णमोहन बॅनर्जी यांनी हिंदू दर्शनांवरील आपले संवाद इंग्रजीत प्रसिद्ध केले होते. गोऱ्यांनी निवडलेली भाषा मात्र गंगाकाठच्या वाचकाची होती. या ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वेदान्ताच्या युक्तिवादाची चिरफाड करताना त्याच वेदान्ताच्या आश्रयाने वाढलेल्या भक्तीला, ज्ञानदेव-तुकारामांच्या मराठी परंपरेला, गोऱ्यांनी जवळजवळ स्पर्शच केला नाही. काशीच्या पाठशाळेतील विद्यार्थ्याला संतवाणी हा शास्त्रार्थाचा विषय वाटला नसावा. त्यामुळे त्यांचा वाद पंडितांपर्यंत पोचला, सामान्य मराठी श्रोत्याच्या हृदयापर्यंत क्वचितच.

एवढा अधिकारी पुरुष दीक्षित धर्मगुरू कधी झाला, हे पाहिले तर आश्चर्य वाटते. बाप्तिस्म्यानंतर तब्बल वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, ते डीकन झाले आणि १८७० मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. विद्यालयातून बाहेर पडणारे तरुण विशी-पंचविशीत जी जबाबदारी उचलीत ती उचलायला त्यांना पंचेचाळिसावे वर्ष उजाडावे लागले. या दिरंगाईच्या मुळाशी त्यांच्या शंका होत्या. त्या बाप्तिस्म्याने गेल्या नाहीत, दीक्षेनेही गेल्या नाहीत, आणि त्यांच्या निकटवर्तीयांनी त्या लपवूनही ठेवल्या नाहीत. गोऱ्यांना मार्ग दिसला तो जुन्या सिद्धान्ताच्या आधारे. नुसता तर्क पुरेसा नाही, हे त्यांनी हिंदू पंडित म्हणून म्यूर यांना बजावले होते. तेच तत्त्व घेऊन ते प्राचीन चर्चच्या परंपरेचे प्रामाण्य मानणाऱ्या अँग्लिकन पंथाकडे झुकले. ब्राह्म व प्रार्थना समाजांच्या बुद्धिप्रधान ईश्वरवादाशी त्यांनी केलेला वादही याच भूमिकेवरून होता. ऑक्सफर्डजवळील काउली येथे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉनच्या संन्यासी संघात ते पुढे उमेदवार म्हणून दाखल झाले. वर्षामागून वर्षे गेली, पण अखेरची व्रते त्यांनी घेतलीच नाहीत. अत्यल्प गरजांत, संन्याशाच्या वृत्तीने ते राहिले, आणि तरीही अखेरपर्यंत उमेदवारच राहिले.

या चिरंतन उमेदवारीचे मोल पुण्यात प्रत्ययास आले. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई तेथे आल्या. संस्कृतात पारंगत, प्रार्थना समाजाच्या सहवासात असलेल्या आणि कोणत्याही दडपणाला न जुमानणाऱ्या या विदुषीला उपदेश करणे हे पढवलेल्या उत्तरांचे काम नव्हते. गोऱ्यांनी तिच्याशी पंडिताने पंडिताशी बोलावे तसे संभाषण केले. ती इंग्लंडला गेल्यावर त्यांचे लेखन तिच्या वाचनात आले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि आपल्या बुद्धीचे समाधान होण्यास गोऱ्यांचे लेखन कारण झाले, हे त्यांनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले. ज्याचे स्वतःचे पूर्ण समाधान कधी झाले नाही त्याने दुसऱ्याचे समाधान केले, यात विसंगती वाटेल. परंतु रमाबाईंच्या मनातील प्रत्येक आक्षेप गोऱ्यांनी आधी स्वतः भोगलेला होता. तो आक्षेप क्षुद्र नाही, त्याला उत्तर देण्यापूर्वी त्याच्यापुढे थांबले पाहिजे, हे इस्लिंग्टनच्या वर्गात न मिळणारे शिक्षण त्यांच्यापाशी होते.

१८८० मध्ये एलेन लक्ष्मी हिंदुस्थानात परतली होती. प्रथम अमृतसरला आणि नंतर अलाहाबादला तिने स्त्रिया व अनाथ मुले यांच्यात काम केले. तिच्या इंग्रजी भक्तिगीतांचा संग्रह १८८३ मध्ये निघाला आणि त्यातील एक गीत इंग्रजी प्रार्थनामंदिरांतून जगभर गायले गेले. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत नहेम्या गोरे निवर्तले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, एलेन धर्मसेविका म्हणून दीक्षित झाली. १९३७ मध्ये तिचाही अंत झाला.

गोरे वारले त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मुंबईतच नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला होता. टिळकांनी तुकारामाच्या आधाराने ख्रिस्ताकडे जाण्याची वाट मराठी माणसाला दाखवली आणि पुढे अहमदनगरला उपदेशक होऊ पाहणाऱ्या तरुणांना शिकवलेही. गोऱ्यांना न सापडलेला भक्तीचा दुवा टिळकांना सापडला, हे खरे. परंतु स्वतःच्या श्रद्धेला प्रतिपक्षाच्या न्यायासनासमोर पुनःपुन्हा उभे करण्याचे गोऱ्यांचे धैर्य मराठी ख्रिस्ती परंपरेत दुर्मीळच राहिले. त्यांचा चरित्रग्रंथ १९०० मध्ये त्यांच्या संन्यासी संघातील सहकाऱ्याने लिहिला. ज्या ग्रंथात त्यांनी ख्रिस्ती मताचे खंडन केले होते तो शास्त्रतत्त्वविनिर्णय मात्र १९५१ मध्ये सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादित केला आणि तो उज्जैनहून प्रसिद्ध झाला. गोऱ्यांना समजून घ्यायचे तर हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावे लागतात.