थोरो आणि मेनचे अरण्य

हेन्री डेव्हिड थोरो (१८१७-१८६२) आपल्या अभ्यासकांना परिचित आहे तो गीतेचा वाचक आणि गांधीजींनी गौरविलेल्या निबंधाचा कर्ता म्हणून. परंतु ज्या भूमीवर तो जन्मला, तिच्या मूळ रहिवाशांकडून तो काय शिकला व काय शिकू शकला नाही, हा त्याच्या चरित्रातील तितकाच महत्त्वाचा भाग होय.

मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड हे त्याचे गाव इंग्रज वसाहतकारांनी १६३५ मध्ये वसविले. तत्पूर्वी त्या परिसराला मस्केटाक्विड, म्हणजे गवताळ काठांची नदी, असे नाव होते. थोरोचे आजोबा जर्सी बेटावरून आलेले. भूमापन हे त्याच्या चरितार्थाचे एक साधन होते. शेजाऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी तो साखळीने मोजून देई आणि उरलेल्या वेळात इंडियन जमातींविषयी टिपणे काढी. अशा दहाहून अधिक वह्या त्याने भरल्या. त्यांतील बराचसा मजकूर मिशनरी व प्रवासी यांच्या ग्रंथांतून उतरविलेला होता.

ग्रंथांकडून तो माणसांकडे वळला तो मेनच्या अरण्यात. १८५७ च्या प्रवासात पेनोब्स्कॉट जमातीचा जोसेफ पॉलिस हा वाटाड्या त्याला लाभला. आपापले सर्व ज्ञान परस्परांना द्यावे, असे दोघांत ठरले. एके रात्री अंधारात ओले लाकूड स्वयंप्रकाशाने उजळलेले पाहून थोरो हरखून गेला. पॉलिसच्या भाषेत त्या प्रकाशाला स्वतंत्र शब्द होता. आपल्याला अज्ञात असलेली कितीतरी गुपिते निसर्गाने या लोकांपुढे उघड केली असली पाहिजेत, असे थोरोला वाटले.

पॉलिस मात्र केवळ अरण्याचा जाणता नव्हता. त्याचे स्वतःचे घर होते, शेती होती. जमातीचा प्रतिनिधी म्हणून तो ऑगस्टा व वॉशिंग्टन येथे जाऊन आला होता. शिक्षणावाचून आपल्या लोकांची मालमत्ता टिकणार नाही, असे त्याचे मत होते. थोरोने हे सारे प्रामाणिकपणे नोंदविले. परंतु इंडियन म्हणजे लोप पावत चाललेले वन्य जीवन, ही वसाहतकारांची समजूत त्याच्या मनातून पूर्णपणे गेली नाही. हद्दी मोजणाऱ्या या माणसाने मालकीचा प्रश्न तडीस नेला नाही.

त्याचा मेनविषयीचा ग्रंथ मृत्यूनंतर, १८६४ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्याच्या परिशिष्टात इंडियन शब्दांची सूची आहे. पेनोब्स्कॉट आदी जमातींच्या जमिनीवरील दाव्याचा निकाल मात्र अमेरिकेच्या संसदेने १९८० मध्ये कायदा करून लावला. तो दावा पॉलिसच्या वंशबांधवांनी स्वतःच लढविला होता.