बालकांच्या कैवारी जेबबाई

रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या वीरांचीं चरित्रें आम्हीं पुष्कळ वाचलीं. परंतु युद्धांत ज्यांचा कांहींच अपराध नसतो, त्या बालकांची बाजू घेऊन उभ्या राहिलेल्या एका बाईंचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

एग्लंटाइन जेब यांचा जन्म ता. २५ ऑगस्ट १८७६ रोजीं इंग्लंडांतील श्रॉपशायर परगण्यांत झाला. ऑक्सफर्ड येथील शिक्षण संपवून त्यांनीं कांहीं काळ शिक्षिकेचें काम केलें. इ. स. १९१३ मध्यें मॅसिडोनियांत युद्धानें निराधार झालेलीं कुटुंबें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलीं. पुढें १९१८ च्या नोव्हेंबरांत महायुद्धाच्या तोफा थंडावल्या, तरी दोस्त राष्ट्रांनीं नाकेबंदी लगेच उठविली नाहीं. जर्मनी व ऑस्ट्रिया येथील मुलें अन्नावांचून झुरूं लागलीं. तेव्हां बाईंनीं उपाशी बालकाचें चित्र असलेलीं पत्रकें लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत वाटलीं. त्यांस रीतसर परवानगी नव्हती, म्हणून बाईंवर खटला झाला व १९१९ च्या मे महिन्यांत ५ पौंड दंड झाला. अन्न अडविणारे मोकळे राहिले आणि तें जगास सांगणारी व्यक्ति आरोपी ठरली! तथापि सरकारी वकिलानेंच ५ पौंड बाईंच्या हातीं ठेविले, असें सांगतात.

त्याच महिन्यांत बाईंनीं व त्यांच्या भगिनी डोरोथी बक्स्टन यांनीं 'सेव्ह द चिल्ड्रन' हा निधि उभारला. शत्रूचें मूल हें शत्रु नव्हे, हें त्यांचें ब्रीद होतें. परंतु दानानें पोट भरतें, अन्याय थांबत नाहीं, हें ओळखून त्यांनीं बालकांच्या हक्कांचा ५ कलमांचा जाहीरनामा रचला. राष्ट्रसंघानें तो ता. २६ सप्टेंबर १९२४ रोजीं जिनीव्हा येथें मान्य केला. ता. १७ डिसेंबर १९२८ रोजीं त्याच शहरीं बाई निवर्तल्या.

त्या जाहीरनाम्यांत कर्तव्य सांगितलें होतें. तें मोडणारास शिक्षा सांगितली नव्हती. ही उणीव भरून निघण्यास फार काळ लागला. इ. स. १९९८ च्या रोम येथील करारानें १५ वर्षांखालील मुलांस सैन्यांत घेणें व लोकांस उपाशी ठेवून युद्ध करणें, हे युद्धगुन्हे ठरविले. ता. १४ मार्च २०१२ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानें आपला पहिलाच निकाल दिला. मुलांच्या हातीं शस्त्रें देणारा कांगोमधील थॉमस लुबांगा दोषी ठरला व त्यास १४ वर्षांची कैद झाली.

असे निकाल अद्याप थोडेच लागले आहेत. तरीही ज्या पिंजऱ्यांत एकदां बाईंना उभें केलें, तेथें अखेर खरा अपराधी उभा राहिला. दुर्बलांवरील अन्याय पाहून मौन धरणें हेंही पाप होय, एवढा बोध आम्हां विद्यार्थ्यांनीं या चरित्रापासून घ्यावा.