पस्तिशी उलटल्यावर पुन्हा पहिला धडा

व्हायोलिन धरायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो. मात्र वाद्यवृंदाचे नेतृत्व करणाऱ्या एखाद्या वादकाने पस्तिशी उलटल्यावर हाच प्रश्न स्वतःला नव्याने विचारावा आणि त्याच्या उत्तरासाठी घरदार मागे ठेवून सातासमुद्रापार जावे, असे क्वचितच घडते. मुंबईच्या मेहली मेहता यांनी १९४५ मध्ये हे धाडस केले. विख्यात संगीत संचालक झुबीन मेहता यांचे वडील म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांची स्वतःची कहाणी मात्र एका न संपणाऱ्या विद्यार्थिदशेची आहे.

इराणातून आलेले पारशी ज्या संजाणला उतरले, ते गाव आजच्या पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्याच्या शेजारीच, गुजरातच्या हद्दीत आहे. संजाण पडल्यावर डहाणू तालुक्यातील बोर्डीजवळच्या बहारोट डोंगरातील गुहांनी पारशांच्या पवित्र अग्नीला आसरा दिला, असे परंपरा सांगते. पुढे या समाजाचा मोठा भाग मुंबईत स्थिरावला आणि ब्रिटिश अमदानीत पाश्चात्त्य संगीत त्याच्या घराघरांत पोहोचले. अशाच मुंबईकर पारशी वातावरणात २५ सप्टेंबर १९०८ रोजी मेहली यांचा जन्म झाला.

त्या काळी मुंबईत व्हायोलिनचे पद्धतशीर उच्च शिक्षण मिळणे दुरापास्त होते. मेहली यांनी बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नांनी हे वाद्य आत्मसात केले. १९२९ मध्ये लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकची पदविका त्यांनी मिळवली. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तर १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केले. शहरात त्यांचे नाव झाले होते.

परंतु स्वतः शिकलेल्या वादकाची एक अडचण असते. कान तयार होतो, बोटेही धावू लागतात. पण खांदा नकळत वर उचलला जातो, मान आखडते, गजावरची पकड घट्ट होते. या सवयी वादकाला स्वतःला दिसत नाहीत. त्या दाखवून देणारा गुरूच लागतो.

दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी मेहली न्यूयॉर्कला इव्हान गलामियन यांच्याकडे गेले. मागे पत्नी तेहमिना आणि दोन लहान मुले होती. थोरला झुबीन तेव्हा अवघ्या नऊ वर्षांचा, धाकटा झरीन त्याहून लहान. सुमारे चार वर्षे मुलांना वडिलांविना काढावी लागली. याच काळात देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली. एका वाद्याच्या साधनेसाठी या कुटुंबाने मोजलेली किंमत लहान नव्हती.

गलामियन हे इराणमधील तब्रिझ येथे जन्मलेले आर्मेनियन. मॉस्को आणि पॅरिस येथे त्यांचे शिक्षण झाले. रशियन आणि फ्रेंच या दोन्ही परंपरा त्यांच्या शिकवणीत एकवटल्या होत्या. शरीराला नैसर्गिक वाटेल तीच बैठक योग्य, हा त्यांचा पाया होता. व्हायोलिन डाव्या बाजूच्या गळ्याच्या हाडावर विसावते आणि जबड्याचा हलका आधार त्याला पुरतो. वाद्याचा भार डाव्या हातावर पडला, तर बोटांची मोकळीक हरपते. गज धरताना अंगठा वाकलेला आणि बोटे सैल हवीत. गज घोडीला समांतर सरकला पाहिजे. त्याचा वेग, त्यावरील दाब आणि तारेवरील त्याची जागा या तिन्हींच्या मेळातून नाद घडतो. त्यामुळे रुळलेल्या वादकालाही गलामियन यांच्याकडे उजव्या हाताचे मूलभूत धडे पुन्हा गिरवावे लागत. पुढे इट्झाक पर्लमन आणि पिंकस झुकरमन याच गुरूच्या हाताखाली घडले.

भारतीय संगीतात हे वाद्य वेगळ्या रीतीने धरतात. वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचे टोक पावलावर टेकवतो. त्यामुळे डावा हात मींडेसाठी मोकळा राहतो. बैठक निराळी असली तरी वाद्याचे ओझे हातावर नको, हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे.

मेहली मुंबईला परतले आणि पुन्हा वाद्यवृंदात रमले. १९५२ मध्ये यहुदी मेनुहिन मुंबईत आले. बालपणापासून जगद्विख्यात असलेल्या या व्हायोलिनवादकाच्या शरीरातही ताण साठला होता. त्यांनी योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे मार्गदर्शन घेतले आणि आपल्या वादनातील सुधारणेचे श्रेय पुढे त्यांना दिले. कीर्ती मिळाली म्हणून शरीराची शिकवण संपत नाही, याचा हा दुसरा दाखला.

१९५५ मध्ये मेहली यांनी मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात स्थान मिळवले. नंतर फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये त्यांनी वादन केले. १९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. तेथील विद्यापीठात त्यांनी वाद्यवृंदाचे अध्यापन केले आणि त्याच वर्षी तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनीची स्थापना केली. तिची धुरा त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ वाहिली. स्वतःला उशिरा मिळालेली विद्या इतरांना वेळेवर मिळावी, यासाठीच जणू त्यांचे उत्तरायुष्य खर्ची पडले.

१९ ऑक्टोबर २००२ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी मेहली यांचे कॅलिफोर्नियात निधन झाले. त्यापूर्वीच, १९९५ मध्ये, त्यांच्या नावाने मुंबईत संगीत प्रतिष्ठान स्थापन झाले होते. ज्या शहरात त्यांना गुरूवाचून चाचपडत शिकावे लागले, त्याच शहरातील मुलांना संगीताचे शिक्षण देण्याचे कार्य या प्रतिष्ठानाने हाती घेतले.