किडीचा शत्रू शोधणारा माणूस

मुलांनो, तुमच्या घराच्या खिडकीत किंवा गॅलरीत एखादी कुंडी नक्की असेल. जास्वंद असेल, मनीप्लँट असेल, नाहीतर क्रोटन असेल. कधीतरी त्या झाडाच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात. बोटाने पुसले तर चिकट लागतात. थोड्याच दिवसांत पाने पिवळी पडतात आणि झाड वाळू लागते. ही कीड आहे. आपल्याकडे तिला पिठ्या ढेकूण म्हणतात. आमच्या शाळेच्या व्हरांड्यातील जास्वंदीवर ती पडली, तेव्हा मुलांनी साबणाचे पाणी मारले, काड्यांनी कीड खरवडली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा हजर!

अशा वेळी आपण किडीला मारायचे कसे, एवढाच विचार करतो. पण एका माणसाने वेगळाच विचार केला. ही कीड आली कोठून? आणि तिच्या मूळ गावी तिला खाणारे कोण आहे? त्या माणसाचे नाव चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली. आज त्यांची गोष्ट वाचा.

चार्ल्सचा जन्म १८ सप्टेंबर १८४३ रोजी इंग्लंडमध्ये लंडन शहरात झाला. लहानपणापासून त्याला दोन गोष्टींचा नाद होता. एक कीटक गोळा करण्याचा आणि दुसरा चित्रे काढण्याचा. फुलपाखरू पकडावे, ते नीट न्याहाळावे आणि कागदावर हुबेहूब उतरवावे, यात तो रमून जाई. शिक्षणासाठी त्याला फ्रान्स आणि जर्मनीला पाठवले गेले. त्यामुळे इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन भाषाही त्याला येऊ लागल्या. तुम्हीही घरी एक भाषा बोलता, शाळेत दुसरी शिकता आणि हे पुस्तक तिसऱ्याच भाषेत वाचता. त्या भाषा तुमच्या किती कामी येतील, हे आज कोणी सांगू शकणार नाही. चार्ल्सच्या मात्र त्या फार कामी आल्या. ते पुढे कळेलच.

सतराव्या वर्षी, म्हणजे १८६० साली, तो एकटाच जहाजात बसून अमेरिकेला गेला. इलिनॉय राज्यात एका ओळखीच्या कुटुंबाच्या शेतावर त्याने सुमारे तीन वर्षे काम केले. गुरे सांभाळली, नांगर धरला. शेतकऱ्याचे पीक डोळ्यांदेखत कीड कशी खाऊन टाकते, हे त्याने तेथे पाहिले. पुस्तकात वाचलेला कीटक वेगळा आणि पिकावर पडलेला कीटक वेगळा! पण कष्टाने त्याची तब्येत ढासळली. शेत सोडून तो शिकागो शहरात आला. तेथे ओळखपाळख नव्हती, खिशात पैसा नव्हता. मिळेल ती मजुरी करून आणि लोकांची चित्रे काढून त्याने दिवस काढले. शेवटी शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका वर्तमानपत्रात त्याला नोकरी मिळाली. तेथे तो किडींविषयी लिहू लागला आणि लेखासोबतची चित्रेही स्वतःच काढू लागला.

त्याचे लिखाण शेतकऱ्यांना आवडले. १८६८ साली मिसुरी राज्याने त्याला राज्याचा पहिला कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमले. त्या वेळी तो पंचवीस वर्षांचाही झाला नव्हता. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. आता मात्र आपण त्याला चार्ल्स न म्हणता रायली म्हणू या.

मिसुरीत रायली यांनी दरवर्षी एक, असे नऊ अहवाल लिहिले. सरकारी अहवाल सहसा कोणी वाचत नाही. पण हे अहवाल चार्ल्स डार्विन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेही वाचले आणि नावाजले. १८७३ पासून पुढे चार वर्षे त्या भागावर टोळधाडी आल्या. ज्याला उर्दूत आपण टिड्डी म्हणतो, तोच हा टोळ. आकाश झाकोळून जाई आणि थवा उतरला की शेत उघडे पडे. लोक उपाशी मरू लागले. रायली गावोगाव फिरले. टोळांची अंडी जमिनीत असतानाच नांगरून नष्ट करावीत, असे त्यांनी सांगितले. टोळ खाण्याजोगे आहेत हे दाखवण्यासाठी १८७५ साली त्यांनी ते शिजवून पाहुण्यांना वाढलेसुद्धा!

याच काळात फ्रान्समधील द्राक्षबागांवर एक भयंकर संकट आले होते. हजारो एकर वेली मुळांपासून सुकत होत्या. मुळांवर माव्यासारखी एक बारीक पिवळी कीड होती. तिचे नाव फायलोक्झेरा. रायली १८७१ साली फ्रान्सला गेले आणि त्यांनी ती कीड स्वतः पाहिली. फ्रेंच येत असल्यामुळे तेथील शास्त्रज्ञांशी आणि बागवानांशी ते सरळ बोलू शकले. अमेरिकेतील रानद्राक्षांवरची कीड आणि फ्रान्समधली ही कीड एकच आहे, याची त्यांनी खात्री करून दिली. म्हणजे कीड अमेरिकेतून तेथे पोचली होती. मग अमेरिकेतील वेली का मरत नव्हत्या? कारण पिढ्यान्पिढ्या या किडीसोबत राहून त्यांची मुळे टणक झाली होती. तेव्हा अमेरिकन वेलीचा खुंट घ्यावा आणि त्यावर फ्रेंच द्राक्षाचे कलम बांधावे, असा सल्ला रायली आणि इतर काही जाणकारांनी दिला. त्याने फ्रान्सच्या बागा वाचल्या. फ्रेंच सरकारने रायली यांना सुवर्णपदक दिले.

पण त्याच कामात त्यांचा एक प्रयोग फसला, तोही सांगायला हवा. फायलोक्झेरा खाणारी एक बारीक कोळ्यासारखी माइट त्यांनी १८७३ साली अमेरिकेतून फ्रान्सला पाठवली. ती तेथे जगली. पण किडीचे काही बिघडवू शकली नाही. रायली यांनी ही कल्पना मात्र सोडली नाही. दहा वर्षांनी, १८८३ साली, त्यांनी इंग्लंडहून एक चिमुकली गांधीलमाशी मागवली. कोबीवरच्या अळीच्या अंगात ती आपली अंडी घालते आणि तिची पिल्ले अळीला आतून खाऊन संपवतात. ही गांधीलमाशी अमेरिकेत रुजली. तोपर्यंत रायली वॉशिंग्टनला केंद्र सरकारच्या कृषी खात्यात मुख्य कीटकशास्त्रज्ञ झाले होते.

आता त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाकडे येऊ.

कॅलिफोर्निया राज्यात संत्र्यांच्या मोठमोठ्या बागा होत्या. तेथे १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाहून शोभेची बाभळीसारखी रोपे आणली गेली. रोपांबरोबर एक कीडही आली. ही खवले कीड पिठ्या ढेकणाची जवळची नातेवाईक. मादीच्या पाठीमागे कापसाच्या उशीसारखी पांढरी पिशवी असते आणि त्या पिशवीत शेकडो अंडी असतात. कीड रोपांवरून संत्र्यांवर गेली. वीस वर्षांच्या आत बागाच्या बागा पांढऱ्या पडल्या. बागायतदारांनी औषधे फवारली. झाडावर तंबू टाकून आत विषारी वायू सोडून पाहिला. काहींनी तर आपल्या हातांनी लावलेली झाडे तोडून जाळली. जमिनीला कोणी गिऱ्हाईक मिळेना.

रायली यांच्या खात्याने रॉकेल आणि साबणाचे मिश्रणही तयार केले होते. म्हणजे औषधाला त्यांचा विरोध नव्हता. पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. ऑस्ट्रेलियात हीच कीड असूनही तेथील झाडे मरत नव्हती. याचा अर्थ तेथे तिला खाणारे कोणीतरी असलेच पाहिजे. जहाजातून कीड आली, तिचा शत्रू मात्र मागेच राहिला. १८८७ साली कॅलिफोर्नियातील बागायतदारांच्या सभेत रायली यांनी हे समजावून सांगितले. ॲडलेड शहरातील फ्रेझर क्रॉफर्ड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. या किडीला मारणारी एक बारीक माशी क्रॉफर्ड यांना तेथे सापडलीही होती.

मग अडचण कोणती? अडचण पैशाची आणि नियमाची. रायली यांच्या परदेशवाऱ्यांवर टीका झाली होती आणि त्यांच्या खात्याच्या माणसांनी सरकारी खर्चाने परदेशी जाऊ नये, असा निर्बंध अमेरिकेच्या संसदेने घातला होता. किडे आणायला दुसऱ्या खंडात माणूस पाठवायचा, ही गोष्ट अनेकांना हास्यास्पदच वाटत असणार. पण १८८८ साली मेलबर्न येथे मोठे प्रदर्शन भरणार होते. त्या प्रदर्शनाच्या खर्चातून २००० डॉलरची सोय झाली आणि रायली यांचे साहाय्यक अल्बर्ट कोबेले ऑगस्ट महिन्यात जहाजाने निघाले.

कोबेले यांना माशी तर मिळालीच. पण ऑक्टोबरमध्ये ॲडलेडच्या एका बागेत त्यांना आणखी काही दिसले. तांबड्या-काळ्या रंगाचा, डाळीच्या दाण्याएवढा एक भुंगेरा ती खवले कीड खात होता. लेडीबर्ड म्हणतात त्या जातीचा. त्याचे नाव व्हेडालिया. कोबेले यांनी ते भुंगेरे डब्यांत भरले. वाटेत उष्णतेने मरू नयेत म्हणून डबे जहाजाच्या बर्फाच्या कोठीत ठेवले. पहिल्या खेपेला २८ भुंगेरे जिवंत पोचले. दुसऱ्या खेपेला ४४, तिसऱ्या खेपेला ५७. एकूण १२९. विचार करा, लाखो झाडांवर कोट्यवधी किडी आणि त्यांच्याशी लढायला १२९ भुंगेरे!

लॉस एंजेलिसमध्ये रायली यांचे दुसरे साहाय्यक कोकिलेट वाट पाहत होते. त्यांनी एका बागेत कीड पडलेल्या संत्र्याच्या झाडावर कापडाचा तंबू उभारला आणि भुंगेरे आत सोडले. माद्यांनी किडीच्या पांढऱ्या पिशव्यांवर अंडी घातली. अंड्यांतून अळ्या निघाल्या आणि त्या पिशव्यांतली अंडी फस्त करू लागल्या. या भुंगेऱ्याची पिढी महिन्याभरात तयार होते. एप्रिल १८८९ मध्ये तंबूची एक बाजू उघडली तेव्हा त्या झाडावर कीड जवळजवळ उरलीच नव्हती. भुंगेरे शेजारच्या झाडांवर गेले. बागायतदार डबे घेऊन येऊ लागले. १२ जूनपर्यंत १०,५५५ भुंगेरे २२८ बागायतदारांना वाटले गेले. वर्षभरात लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेरगावी जाणाऱ्या संत्र्यांच्या आगगाडीच्या डब्यांची संख्या ७०० वरून २००० वर गेली.

(पुढे १९४० च्या दशकात तेथे डीडीटीची फवारणी सुरू झाली. त्या औषधाने भुंगेरे मेले आणि दबलेली खवले कीड पुन्हा उसळून आली. फवारणी बदलून भुंगेरे पुन्हा सोडावे लागले.)

आता श्रेय कोणाचे? बागायतदारांनी कोबेले यांना सोन्याचे घड्याळ दिले आणि त्यांच्या पत्नीला हिऱ्यांची कर्णफुले दिली. रायली यांना हे फार लागले. कल्पना त्यांची, पत्रव्यवहार त्यांचा, परवानगीसाठी झगडणेही त्यांचे. कॅलिफोर्नियातील अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडू लागले. रायली स्वभावाने तापट होते आणि श्रेयाच्या बाबतीत हळवेही. मला वाटते, दोघांचाही हक्क होता. ज्याने ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवले त्याचा आणि ज्याने झाडाखाली वाकून तो भुंगेरा पाहिला त्याचाही.

१८९१ साली कोबेले पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले. या वेळी खर्च कॅलिफोर्निया राज्याने केला. त्या फेरीत त्यांनी पाठवलेला एक भुंगेरा आपल्या कुंडीच्या फार जवळचा आहे. तो काळसर, डोक्याकडे नारिंगी आणि पिठ्या ढेकणांवर तुटून पडणारा. त्याला क्रिप्टोलेमस म्हणतात. काचेच्या घरांत, दालनांत आणि खोल्यांत वाढवलेल्या झाडांवर तो आजही सोडला जातो. भारतात तो १८९८ साली आला आणि महाराष्ट्रातील द्राक्षबागांतही पिठ्या ढेकणांवर तो वापरतात. घरातल्या झाडावर तो सोडायचा असेल, तर काही गोष्टी आधी पाहाव्या लागतात. झाडावर विषारी औषध मारलेले नसावे. मुंग्यांना कुंडीपासून दूर ठेवावे. कारण ढेकणांच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंग्यांना हवा असतो आणि त्यासाठी त्या ढेकणांची राखण करतात. खिडकी उघडी असली तर मोठे भुंगेरे उडून जातात, म्हणून घरात अळ्या सोडणे बरे. आणि गंमत अशी, की या भुंगेऱ्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी झाकलेली असते. ती थेट पिठ्या ढेकणासारखी दिसते! ढेकणापेक्षा ती मोठी असते आणि भरभर चालते. ज्यांना हे ठाऊक नसते ते तिलाच कीड समजून चिरडून टाकतात. व्हरांड्यातली जास्वंद खरवडताना आम्ही अशा किती मित्रांना मारले असेल, कोण जाणे!

रायली यांनी १८९४ साली सरकारी नोकरी सोडली. आयुष्यभर जमवलेले लाखाहून अधिक कीटकांचे नमुने त्यांनी आधीच वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकले होते. तेथे काम करीत राहण्याचा त्यांचा विचार होता. १४ सप्टेंबर १८९५ रोजी सकाळी ते मुलासोबत सायकलवरून उतारावरच्या रस्त्याने निघाले होते. एका गाडीतून पडलेला फरसबंदीचा दगड वाटेत होता. सायकलचे चाक त्यावर आदळले आणि रायली डोक्यावर पडले. त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. बावन्न वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. त्यांनी दिलेल्या त्या नमुन्यांपासूनच वॉशिंग्टनच्या संग्रहालयातील कीटकांचा प्रचंड संग्रह वाढत गेला.