पॅट्रिक ब्लॅकेट

पॅट्रिक मेनार्ड स्टुअर्ट ब्लॅकेट (१८ नोव्हेंबर, १८९७:लंडन, इंग्लंड - १३ जुलै, १९७४:लंडन, इंग्लंड) हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ होते. अणुगर्भ आणि विश्वकिरण यांवरील संशोधनासाठी त्यांना १९४८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तरायुष्यात ते खडकांच्या चुंबकत्वाकडे वळले. दख्खनच्या काळ्या पाषाणातील चुंबकत्वावरून भारताचा भूखंड दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे सरकला, हे दाखवण्यात त्यांच्या गटाचा मोठा वाटा आहे.

पूर्वायुष्य

ब्लॅकेट यांचे शिक्षण नौदलाच्या विद्यालयांत झाले. पहिल्या महायुद्धात फॉकलंड (१९१४) आणि जटलंड (१९१६) येथील सागरी लढायांत ते सहभागी होते. १९१९ साली नौदल सोडून ते केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकू लागले आणि पुढे अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या हाताखाली कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करू लागले. क्लाउड चेंबरमधील सुमारे २३,००० छायाचित्रांतून त्यांनी अशी ८ छायाचित्रे शोधली, ज्यांत नायट्रोजनच्या अणुगर्भाचे ऑक्सिजनमध्ये रूपांतर झालेले दिसत होते. १९३७ पासून ते मँचेस्टर येथे आणि १९५३ पासून लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक होते.

पृथ्वीच्या चुंबकत्वाचा सिद्धान्त

पृथ्वीला चुंबकीय क्षेत्र का आहे, हा प्रश्न त्या काळी अनुत्तरित होता. १९४७ साली ब्लॅकेट यांनी असा सिद्धान्त मांडला की, फिरणाऱ्या प्रत्येक प्रचंड वस्तूला केवळ फिरण्यामुळेच चुंबकत्व येते. पृथ्वी, सूर्य आणि एक तारा यांची तेव्हा उपलब्ध असलेली मापने या सिद्धान्ताशी जुळत होती.

पडताळणीसाठी त्यांनी मँचेस्टरजवळील जॉड्रेल बँक येथे अतिसंवेदनशील चुंबकत्वमापक उभारला. सुमारे १५ किलो वजनाचा शुद्ध सोन्याचा दंडगोल पृथ्वीबरोबर फिरतच असतो. सिद्धान्त खरा असता, तर त्याच्याभोवती अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र आढळले असते. ते आढळले नाही. त्याच सुमारास कोळशाच्या खोल खाणींत घेतलेली मापनेही सिद्धान्ताच्या विरोधात गेली. ब्लॅकेट यांनी १९५२ साली आपल्या प्रयोगाचा नकारात्मक निष्कर्ष सविस्तर प्रसिद्ध केला आणि सिद्धान्त सोडून दिला. पृथ्वीचे क्षेत्र गाभ्यातील द्रवरूप लोहाच्या हालचालींमुळे निर्माण होते, हे मत पुढे सर्वमान्य झाले.

सिद्धान्त गेला, तरी मापक हाती राहिला. खडकांतील क्षीण चुंबकत्व मोजण्यास तो योग्य होता.

दख्खनच्या खडकांवरील संशोधन

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट वर्गाच्या लोहखनिजांचे सूक्ष्म कण असतात. तप्त लाव्हारसात त्यांना स्थिर चुंबकत्व नसते. खडक थंड होताना तापमान एका ठरावीक मर्यादेखाली (शुद्ध मॅग्नेटाइटसाठी सुमारे ५८० अंश सेल्सियस) उतरले की, हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धारण करतात आणि ती कोट्यवधी वर्षे टिकू शकते. या चुंबकत्वाचा क्षितिजाशी होणारा कोन अक्षांशावर अवलंबून असतो: विषुववृत्तावर तो शून्य, तर ध्रुवावर ९० अंश असतो. त्यामुळे खडक कोणत्या अक्षांशावर थंड झाला, हे काढता येते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या उद्रेकांतून दख्खनचे पठार तयार झाले. अमरावती व अकोला हे जिल्हे याच पठाराचे भाग आहेत. अमरावतीच्या उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांत चिखलदऱ्याजवळ आणि अकोल्यातील नरनाळा किल्ल्याच्या परिसरात बेसाल्ट उघडा दिसतो. पूर्णेच्या खोऱ्यात तो गाळाखाली दडला आहे.

ब्लॅकेट यांच्या गटातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली भारतीय खडकांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५८ साली डॉइच यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांच्यासह दख्खनच्या लाव्हाथरांवर लेख लिहिला. आज वऱ्हाडात होकायंत्राची मोकळी टांगलेली सुई उत्तरेकडे खाली झुकते. दख्खनच्या अनेक वरच्या थरांत मात्र चुंबकत्वाची दिशा उत्तरेकडे व वर, तर खालच्या थरांत ती दक्षिणेकडे व खाली आढळली. खालचे थर पृथ्वीचे ध्रुव उलटे असताना थिजले होते. दोन्ही दिशांचा अर्थ एकच निघत होता: थिजताना हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३० अंश अक्षांशाच्या आसपास होता.

भूखंडे सरकतात, ही कल्पना तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्य नव्हती. ब्लॅकेट यांनी तिचा पाठपुरावा केला. १९६४ साली रॉयल सोसायटीत याच विषयावर झालेल्या परिसंवादाचे ते एक संयोजक होते.

इतर खगोलांवरील महत्त्व

खडकातील चुंबकत्व मूळ क्षेत्र नष्ट झाल्यावरही उरते. चंद्राला आज व्यापक चुंबकीय क्षेत्र नाही, तरीही अपोलो मोहिमांनी आणलेले काही खडक चुंबकित आहेत. १९९७ साली मंगळाभोवती पोहोचलेल्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाला तेथील कवचात प्रबळ चुंबकत्व आढळले. दोन्ही ठिकाणी प्राचीन काळी गाभ्यात क्षेत्र निर्माण होत असावे, असे यावरून मानले जाते. अशनिपाताच्या आघातानेही खडकाचे चुंबकत्व बदलते. त्यामुळे वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात याच बेसाल्टमध्ये पडलेले लोणारचे विवर अशा अभ्यासासाठी उपयुक्त ठरते.

सन्मान

ब्लॅकेट १९६५ ते १९७० या काळात रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९६९ साली ते ब्रिटिश उमरावसभेचे सदस्य झाले. चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरील एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे.