नोंदीला ओळख देणारे एडगर कॉड

बँकेतील कोट्यवधी खात्यांतून नेमके आपलेच खाते क्षणात सापडते, यामागे एडगर फ्रँक कॉड यांचा विचार आहे. १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील पोर्टलंड बेटावर त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी गणित व रसायनशास्त्राचे अध्ययन केले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. युद्धानंतर अमेरिकेत जाऊन ते आयबीएममध्ये रुजू झाले. मात्र मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेमुळे काही वर्षे त्यांनी कॅनडात काढली.

त्या काळी माहिती डिस्कवर कशी रचली आहे, हे प्रोग्रॅमला ठाऊक असावे लागे. रचना बदलली की प्रोग्रॅम कोलमडत असे. १९७० मध्ये कॉड यांनी शोधनिबंधातून वेगळा मार्ग दाखवला. माहिती तक्त्यांत मांडावी आणि प्रत्येक ओळ तिच्या जागेवरून नव्हे, तर तिच्यातील मूल्यांवरून ओळखावी. ही ओळख म्हणजेच ‘प्रायमरी की’. आयबीएमचे जुने उत्पादन उत्तम चालत असल्याने कंपनीने या कल्पनेबाबत घाई केली नाही. आज ओरॅकल नावाने परिचित असलेल्या कंपनीने १९७९ मध्ये तिच्याआधी बाजी मारली. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार लाभला.

पुढे तक्ते अवाढव्य झाले आणि तारखेनुसार वा प्रदेशानुसार त्यांचे विभाग पाडले जाऊ लागले. प्रत्येक विभागाला स्वतःचा स्थानिक इंडेक्स असला, की जुना विभाग काढून टाकणे सोपे जाते. परंतु असा इंडेक्स केवळ आपल्या विभागापुरती एकमेवतेची हमी देतो. जमिनीचा सर्व्हे क्रमांक गावापुरताच वेगळा असतो. गावाचे नाव जोडल्याविना जमीन निश्चित होत नाही, तसेच हे. म्हणून पोस्टग्रेससारख्या प्रणालीत विभागणीचा स्तंभ प्रायमरी कीमध्ये घालावाच लागतो. तारखेनुसार विभाग पाडले, तर कीमध्ये पावती क्रमांकासोबत तारीखही येते. मग एकच पावती क्रमांक दोन निरनिराळ्या तारखांना नोंदला गेला, तरी डेटाबेस हरकत घेत नाही.

कॉड यांनी जागेपासून सोडवलेली ओळख अशी पुन्हा जागेशी बांधली जाते. वेगासाठी ही तडजोड करावीही. मात्र त्या बदल्यात कोणती हमी गमावली, याचे भान सुटता कामा नये.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडा येथे कॉड यांचे निधन झाले.